अब्दुल कोणाचा?

खामगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षक होतो. १९८३ सालचा जून महिना, नवी भरती चालू होती. एक शेतमजूर आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाचे खरे नाव इथे लिहीत नाही. आपण त्याला अब्दुल रज्जाक म्हणू. मी दाखल-खारीज रजिस्टर उघडले. त्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने होते. नाव विचारले, तर बाप म्हणाला, 'अब्दुल रज्जाक शेख.' मी पहिल्या रकान्यात 'अब्दुल' लिहिले, दुसऱ्यात 'रज्जाक', तिसऱ्यात 'शेख'. बापाचे नाव मी विचारलेच नाही. माझ्या हिशेबी ते सांगून झाले होते. त्याने सहीच्या जागी अंगठा दिला आणि तो कामावर निघून गेला.

मुलगा चौथीनंतर शाळेतून गळाला. रेशनकार्डावर, मतदार यादीत त्याचे नाव बरोबर होते. शाळेच्या दाखल्याची गरज पडली ती २०१८ साली, उमऱ्याला जाण्यासाठी पासपोर्ट काढताना. दाखला हातात घेऊन तो माझ्या घरी आला. तोवर मी निवृत्त झालो होतो आणि तो चाळिशी ओलांडलेला, हातगाडीवर फळे विकणारा गृहस्थ झाला होता. रागावलेला नव्हता. म्हणाला, "गुरुजी, तुमी त मले कागदावर अल्लाचा पोरगा करून ठेवलं. आमच्यात याच्याएवढी मोठी चूक नाही."

मला ते चटकन कळले नाही. तीस वर्षे मराठी शिकवले, वर्गात दरवर्षी सातआठ मुसलमान मुले असत, रोज हजेरी घेताना त्यांची नावे मी मोठ्याने वाचत असे. त्या नावांचा अर्थ काय, हे कधी विचारावेसे वाटले नाही. तो गेल्यावर जे वाचले, ज्यांना अरबी येते त्यांच्याजवळ बसून जे समजून घेतले, ते इथे मांडतो आहे. विषय मोठा आहे, इस्लाममध्ये ईश्वराची कल्पना काय आणि त्याची नावे कोणती. पण मला त्यात शिरायला दार सापडले ते या चुकलेल्या रकान्यातूनच.

आधी 'अब्दुल'. अरबीत 'अब्द' म्हणजे दास, सेवक. पुढचा 'उल' हा स्वतंत्र शब्द नाही. त्यातला 'उ' हा विभक्तीचा आणि 'ल' हा पुढच्या शब्दाच्या आधी येणाऱ्या 'अल्'चा उरलेला भाग. म्हणजे 'अब्दुल' एवढेच म्हटले तर अर्थ होतो 'अमक्याचा दास', आणि त्यातला अमका गाळलेला. आपल्याकडे रामदास, हरिदास, विष्णुदास अशी नावे आहेत. त्यातले राम, हरी, विष्णू खोडून माणसाला नुसते 'चा दास' म्हणून हाक मारावी, तसे हे. गावोगाव आपण 'ए अब्दुल' म्हणतो ते असे अर्धे वाक्य असते. दासाच्या पुढे जे येते ते ईश्वराचे नाव. रज्जाक म्हणजे रिज्क देणारा. रिज्क म्हणजे अन्न, उपजीविका, जगायला जे जे लागते ते. मी रजिस्टरात त्या मुलाच्या बापाच्या जागी कोणाला बसवले होते, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

आपण उलटही करतो, 'अब्दुल' गाळतो आणि पुढचा शब्द ठेवतो. सत्तारभाई, गफ्फारचाचा, करीमसेठ, कादरमिया. गावच्या चावडीपुढे उभे राहून हाका मारल्या तर दहा मिनिटांत ईश्वराची दहा नावे उच्चारून होतात. यातही एक बारीक फरक आहे. करीम म्हणजे उदार, रहीम म्हणजे दयाळू, रऊफ म्हणजे मायाळू. हे शब्द माणसालाही लावता येतात. कुराणातच पैगंबरांना रऊफ आणि रहीम म्हटले आहे. पण रहमान हे नाव फक्त ईश्वराचे, ते माणसाला लावत नाहीत. त्यामुळे नुसते 'रहमान' म्हणून हाक मारणे जाणत्या मुसलमानाला खटकते, 'रहीम' म्हटलेले तितके खटकत नाही. आपल्या जिल्ह्यातले सर्वांत ऐकलेले मुसलमानी नाव घ्या. घाटावर पिंपळगाव सराई इथे ज्यांचा दर्गा आहे ते सैलानीबाबा. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि जमणाऱ्या लाखभर लोकांत हिंदूच फार असतात. 'सैलानी' म्हणजे भटका, फिरस्ता. बाबांचे मूळ नाव हाजी अब्दुर रहमान. रहमानाचा दास. या नावात 'अब्दुल'चा 'अब्दुर' झाला, कारण अरबीत र, स, न अशा अक्षरांपुढे 'अल्'मधला ल त्या अक्षरात मिसळून जातो. म्हणून शुद्ध उच्चार अब्दुर रज्जाक, अब्दुस सत्तार. आपण सगळ्यांना सरसकट 'अब्दुल' करून टाकले.

ईश्वराच्या या नावांना 'अस्मा-उल-हुस्ना' म्हणतात, सर्वांत सुंदर नावे. कुराणात हा शब्दप्रयोग चार ठिकाणी आहे. सातव्या अध्यायात त्या नावांनीच त्याला हाक मारा असे सांगितले आहे. नावे नव्व्याण्णव, शंभराला एक कमी, ही संख्या हदीसमधून येते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत ती आहे. जी यादी आज पाठ केली जाते, ती मात्र तिरमिजी यांच्या संग्रहात मिळते आणि अनेक हदीसतज्ज्ञ तिला पैगंबरांचे शब्द मानत नाहीत, नंतरच्या कोणी कुराणातून वेचून केलेली मानतात. त्यामुळे यादीत गमती आहेत. 'रब' हा शब्द कुराणात शेकडो वेळा येतो, पण या यादीत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली असलेला 'सत्तार', म्हणजे दोष झाकणारा, तोही यादीत नाही. नव्व्याण्णव ही सीमा आहे असे बहुतेक विद्वान समजत नाहीत. नावे त्याहून अधिक असू शकतात, काही त्याने स्वतःजवळच ठेवली आहेत अशीही श्रद्धा आहे. तसबीचे मणी नव्व्याण्णव किंवा तेहतीस असतात, आपल्या जपमाळेचे एकशे आठ.

मराठी वाचकाला इथे विष्णुसहस्रनाम आठवणारच. साम्य आहे, पण फरक अधिक बोलका आहे. केशव, दामोदर, मधुसूदन या नावांमागे कथा आहेत; कोणाला मारले, कोणी उखळाला बांधले. इस्लामी नावांमागे कथा नाही, रूप नाही, शस्त्र नाही, वाहन नाही. ती सगळी गुणवाचक किंवा क्रियावाचक आहेत. देणारा, झाकणारा, क्षमा करणारा, जाणणारा, ऐकणारा. त्यांना व्याकरणाने एकत्र बांधले आहे.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतो आणि ते मूळ ठरावीक साच्यांत ओतले जाते. मधले व्यंजन द्वित्त करून त्यापुढे 'आ' घातला की अर्थ होतो, ते काम सतत करणारा, ज्याचा तो धंदाच आहे असा. रज्जाक, गफ्फार, सत्तार, वह्हाब, फत्ताह ही नावे या साच्यातली. आणि त्याच साच्यातले इतर शब्द कोणते? हम्माल, ओझे वाहणे हा ज्याचा धंदा. दल्लाल. सर्राफ. नद्दाफ, कापूस पिंजणारा. बक्काल, वाणी. मराठीने यांतली बहुतेक द्वित्ते सैल केली आणि हमाल, दलाल, सराफ, नदाफ केले. खामगावच्या कापूस बाजारात मी लहानपणापासून हे शब्द ऐकत आलो. ते आणि ईश्वराची नावे एकाच साच्यातून निघाली आहेत हे कळले तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होतो. हमाल जसा एकदा पोते उचलून थांबत नाही, तसा रज्जाक एकदा देऊन थांबत नाही. त्याचे देणे हे चालू काम आहे. कुराणात या रूपातला 'रज्जाक' एकदाच येतो, एक्कावन्नाव्या अध्यायात.

बाजार सोडून तहसील कचेरीत गेलो, तर तिथे तर गर्दीच आहे. वऱ्हाडावर बहमनी, मग इमादशाही, १५७४ नंतर निजामशाही, १५९६ पासून मोगल आणि १७२४ नंतर निजाम अशा सत्ता होऊन गेल्या. महसुलाची भाषा फारसी राहिली आणि फारसीतून अरबी शब्द सातबाऱ्यात, खातेवहीत येऊन बसले. अल्-वारिस, सर्व नष्ट झाल्यावर ज्याच्याकडे सर्व परत जाते तो. आपली वारसनोंद त्याच शब्दाची. अल्-काबिज, आवळून धरणारा, आपला कब्जा. अल्-वकील, ज्याच्यावर काम सोपवून निर्धास्त व्हावे तो. अल्-हसीब, हिशेब घेणारा. अल्-मुजीब, हाकेला जबाब देणारा. अल्-खबीर, आतली खबर असणारा. अल्-मुकद्दिम, पुढे आणणारा. ज्याला पुढे केले तो मुकादम. अल्-मुअख्खिर, मागे ठेवणारा, आपली अखेर. 'मालिकुल मुल्क' या एका नावात मालक आणि मुलूख दोन्ही आहेत. अल्-हक्क म्हणजे सत्य, आणि ज्याचे त्याला देणे. आपण त्यातला फक्त दुसरा अर्थ उचलला आणि हक्कनोंदणी केली. याच शब्दासाठी मन्सूर अल्-हल्लाज ९२२ साली बगदादमध्ये मारला गेला, 'मीच हक्क आहे' असे म्हटल्याच्या आरोपाची त्यात मोठी चर्चा झाली. हल्लाज म्हणजेही कापूस पिंजणारा.

साखरखेर्ड्याचे उदाहरण तर सिंदखेडराजा तालुक्यातलेच. १७२४ साली निजामउल्मुल्काने तिथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. फत्ते ज्या मुळातून आली त्याच मुळाचे नाव अल्-फत्ताह, उघडणारा. अडलेले दार, अडलेला निवाडा, अडलेली वाट. निजामाने त्यातून लढाईतली जीत घेतली. लोकांनी कालांतराने साखरच पसंत केली.

शब्दांच्या अशा शोधात पाय घसरतोही. रबी पीक हे 'रब'वरून आले असेल, पिकवणारा तो, असे मी एका कार्यक्रमात ठोकून दिले होते. ते चूक आहे. रबी हा 'रबीअ' म्हणजे वसंत ऋतू. त्याच्या शेवटी 'ऐन' हे वेगळे अक्षर आहे आणि मूळच निराळे. 'रब' म्हणजे पालनकर्ता, वाढवून पूर्णत्वाला नेणारा.

आता नावांमागे काय आहे. अल्लाह हे या सगळ्यांत मुख्य नाव. 'अल्' आणि 'इलाह' मिळून, म्हणजे 'तो एकच पूज्य', अशी त्याची फोड बहुतेक विद्वान करतात. काही ते मूळचेच विशेषनाम मानतात. त्याचे अनेकवचन होत नाही, स्त्रीलिंग होत नाही. हे नाव इस्लामने घडवले असे मात्र नाही. पैगंबरांच्या वडिलांचे नाव अब्दुल्लाह होते, आणि ते इस्लामच्या आधीचे. अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही प्रार्थनेत अल्लाह म्हणतात. आपल्याकडचे 'खुदा' तर फारसी. अरबांना ते ठाऊक नाही, तरी वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी शतकानुशतके तेच. 'वरचा' आणि 'मालिक' हेही चालते.

कुराणाची शिकवण अशी, की त्याच्यासारखे काहीच नाही, आणि तो ऐकतो, पाहतो. दोन्ही विधाने एकाच आयतीत आहेत. इथे तत्त्वज्ञांना घोर पडला. त्याच्यासारखे काही नाही तर ऐकणे-पाहणे हे आपलेच शब्द त्याला कसे लावायचे? आणि ऐकणे, जाणणे, शक्ती हे गुण त्याच्यापासून वेगळे मानले तर अनादी वस्तू अनेक झाल्या, एकत्व मोडले. मुअतजिला पंथाच्या लोकांनी गुण वेगळे नाहीतच, असा पक्ष घेतला. अशअरी पंथाने म्हटले, गुण खरे आहेत. ते 'तो'ही नाहीत आणि त्याच्याहून वेगळेही नाहीत. द्वैत-अद्वैताचा वाद वाचलेल्या माणसाला हे परके वाटू नये. सामान्य माणसाचा मार्ग साधा राहिला. नावे त्याने स्वतःची सांगितली आहेत, ती घ्यावीत, आणि 'कसा' हा प्रश्न सोडावा.

नावांचे दोन स्वभाव मानतात, जलाली आणि जमाली. दरारा वाटायला लावणारी आणि ओढ लावणारी. काही नावे जोडीनेच घ्यायची असतात. इज्जत देणारा आणि ती काढून घेणारा. आवळणारा आणि सैल सोडणारा. अल्-जार म्हणजे नुकसान करणारा, हे एकटे उच्चारू नये. त्याच्याबरोबर अन्-नाफिअ यावा, नफा देणारा. अपुऱ्या पावसाच्या मुलखात राहिलेल्या माणसाला या जोड्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. इमाम गजाली, जे ११११ साली वारले, यांनी या नावांवर एक ग्रंथच लिहिला. त्यात प्रत्येक नावात माणसाचा वाटा किती, याचा विचार आहे. रज्जाक तोच, पण ज्याच्या हातून दुसऱ्याला अन्न पोहोचते, ज्याच्या बोलण्यातून दुसऱ्याला ज्ञान मिळते, त्याला त्या नावातला वाटा मिळाला. हे वाचताना मला त्या हातगाडीवाल्याची आठवण झाली आणि शाळेचीही.

कागदावर ईश्वराचे नाव कसे लिहायचे यावरून खुद्द पैगंबरांसमोर तंटा झाला होता. ६२८ साली हुदैबिया इथे मक्केच्या कुरैशांबरोबर तह लिहिला जात होता. मायन्याला 'रहमान' आणि 'रहीम' ही नावे आली, तसा मक्केचा प्रतिनिधी सुहैल अडला. आम्ही हा रहमान ओळखत नाही, आमच्या जुन्या पद्धतीने 'हे अल्लाह, तुझ्या नावाने' एवढेच लिहा. मुसलमान चिडले. पैगंबरांनी त्याच्या म्हणण्याप्रमाणे लिहायला लावले. पुढे स्वतःच्या नावापुढचे 'अल्लाहचा प्रेषित' हे शब्दही खोडू दिले आणि बापाचे नाव लावून 'अब्दुल्लाहचा मुलगा' असे लिहवले. कुराणाच्या सतराव्या अध्यायात हाच मुद्दा आहे, की अल्लाह म्हणा वा रहमान म्हणा, सुंदर नावे सगळी त्याचीच.

एका नावाचा आधार घेऊन आपल्या इतिहासातही एक मोठा युक्तिवाद झाला आहे. औरंगजेबाने १६७९ साली जिझिया बसवला, त्यावर शिवाजी महाराजांनी पाठवलेले म्हणून एक फारसी पत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या प्रती इतर राजांच्या नावेही सापडल्या. जदुनाथ सरकारांनी ते महाराजांचेच ठरवले. त्यात बादशहाला त्याच्याच ग्रंथातून उत्तर दिले आहे. कुराणाच्या आरंभी ईश्वराला 'रब्बुल आलमीन' म्हटले आहे, सर्व जगांचा पालनकर्ता. 'रब्बुल मुस्लिमीन', मुसलमानांचा पालनकर्ता असे म्हटलेले नाही. आपण 'आलम दुनिया' म्हणतो त्यातला हा आलम. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा, म्हणून या जिल्ह्याला त्या पत्राचा थोडा जास्त अभिमान वाटला तर चालावे. विनोबांनी वर्ध्याकडे बसून मूळ अरबीतून कुराण अभ्यासले, त्याचे 'कुराण-सार' काढले आणि आपल्या सर्वधर्मप्रार्थनेत 'रहीम' घातला, तोही याच वाटेने.

आता माझ्या चुकीकडे येतो. नव्व्याण्णव नावांत 'पिता' नाही. कुराणाच्या एकशे बाराव्या अध्यायात, अवघ्या चार आयतींत, इस्लामची ईश्वरकल्पना सांगितली आहे. तो एक आहे, 'अहद', ज्याला दुसरा नाही. तो 'समद' आहे, ज्याच्यावाचून सर्वांचे अडते आणि ज्याचे कोणावाचून अडत नाही. त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही. त्याच्या बरोबरीचे कोणी नाही. ख्रिस्ती माणूस प्रेमाने 'बापा' म्हणतो, आपण 'विठाबाई माउली' म्हणतो. मुसलमान असे नाते लावत नाही. तो दास होतो. लहान मुलाच्या नावातच ते लिहून ठेवतो. आणि मी नेमके त्याच दासाला मुलगा केले होते.

मग हा ईश्वर दूरचा, कोरडा म्हणायचा का? माझे तसे मत होऊ लागले होते. पण रहमान आणि रहीम या दोन्ही नावांचे मूळ र-ह-म, आणि त्याच मुळाचा 'रहिम' हा शब्द गर्भाशयाचे नाव आहे. हदीसमध्ये या दोहोंचा संबंध सांगितला आहे. गर्भाच्या नात्याला, म्हणजे रक्ताच्या नात्याला, रहमानाने आपल्या नावातून नाव दिले. आणखी एक हदीस आहे. युद्धकैद्यांत एक बाई आपले मूल शोधत फिरत होती. मूल सापडताच तिने त्याला छातीशी धरून पाजले. पैगंबरांनी सोबत्यांना विचारले, ही आपल्या मुलाला आगीत टाकील का? नाही म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, या बाईपेक्षा ईश्वर आपल्या दासांवर अधिक दया करणारा आहे. आई म्हणायचे नाही, पण दयेचे मोजमाप आईवरून करायचे. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "हे त आमची माय रोज सांगे, गुरुजी. तुमाले आता समजलं."

दाखल्याची दुरुस्ती सोपी नव्हती. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातले नाव सहजी बदलत नाहीत. प्रतिज्ञापत्र, अर्ज, राजपत्रात नावबदल, असे आठ महिने गेले. चूक माझी होती हे मी लेखी दिले. खर्च तो मला करू देईना. शेवटी निम्म्यावर तडजोड झाली. तो उमऱ्याला जाऊन आला, जमजमचे पाणी आणि खजूर घेऊन घरी आला.

गेल्या जूनमध्ये त्याच्या नातवाला पहिलीत घालायचे होते. मलाही बरोबर नेले. नातवाचे नाव 'अल्-बाकी'वरून ठेवलेले. सर्व सरल्यावर उरणारा तो बाकी. तुर्कस्तानातल्या जुन्या कबरींवर हे नाव कोरलेले असते, आपल्याकडे किराणा दुकानाच्या वहीत. तरुण शिक्षिकेने संगणकावर अर्ज उघडला. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तेच तीन रकाने. तिने 'अब्दुल' टाइप करून पुढच्या रकान्याकडे बोट नेले, तसे आम्ही दोघेही एकदम म्हणालो, "थांबा." तिने मागे येऊन 'अब्दुलबाकी' असे एकत्र लिहिले. मग तिने विचारले, "आणि वडिलांचं नाव?"

आजोबांनी ते सावकाश, एकेक अक्षर सुटे करून सांगितले.